आमची वाटचाल: पंपसेटकडून लॉनमोअरकडे

आमच्या वर्कशॉपची सुरुवात रॉकेलवर चालणाऱ्या छोट्या पंपसेटच्या दुरुस्तीने झाली. पुढे इन्व्हर्टर आले, छोटे जनरेटर कमी झाले आणि पुण्याच्या आसपास सोसायट्यांची, फार्महाऊसची, मंगल कार्यालयांची लॉन वाढली. आता टेबलावर गवत कापायच्या मशीनचीच इंजिनं जास्त असतात. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: स्वस्तातलं घेऊ की होंडाचं?

आम्ही म्हणतो, स्टिकर नको, सिरीज बघा. होंडाचंच जीसीव्ही १६० घरगुती वापराचं. व्हॉल्व्ह (हवा-धुराच्या झडपा) उघडणारा कॅमशाफ्ट वर आणि तो फिरवणारा बेल्ट इंजिनाच्या पोटात. जीएक्सव्ही १६० रोजच्या राबत्याचं. व्हॉल्व्ह पुशरॉडवर (ढकलणाऱ्या काड्यांवर), बोअरला, म्हणजे पिस्टन चालतो त्या नळीला, आतून बिडाची स्लीव्ह. किमतीतला खरा फरक या स्लीव्हमध्ये आहे. बऱ्याच स्वस्त इंजिनांत पिस्टन थेट ॲल्युमिनियमवर घासतो. फिल्टरचा फोम फाटला की धूळ आत जाते, बोअरला उभे ओरखडे पडतात, ऑइल जळून निळा धूर येतो. स्लीव्ह असेल तर रिबोअर करून (बोअर थोडा मोठा कापून) ओव्हरसाइज पिस्टन टाकता येतो. ॲल्युमिनियमच्या बोअरला तो खर्च परवडत नाही, इंजिनच बदललेलं बरं.

स्वस्तातली आडव्या शाफ्टची चिनी इंजिनं बरीचशी होंडाच्या जीएक्स १६० च्याच मापाची, ६८ मिमी बोअर, ४५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव). त्यामुळे पॅकिंग, प्लग, कार्बोरेटर सहज मिळतात, हा त्यांचा मोठा गुण. खोड असते ती जुळणीत. म्हणून नवं मशीन देण्याआधी आम्ही इंजिन थंड असताना फीलर गेजने (पातळ पत्र्यांच्या मापाने) टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवलेली फट, तपासतो. गॅप कमी राहिला तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन (आतला दाब) जातं. सकाळी एका ओढीत सुरू होणारं मशीन चहाच्या सुट्टीनंतर दोरीला दाद देत नाही, ते बऱ्याचदा यामुळेच.

ब्लेडला दगड लागला की मात्र महाग-स्वस्त सारखेच. फ्लायव्हील (जड चाक) शाफ्टवर पकडून ठेवणारी छोटी चावी अर्धवट कातरते, टायमिंग (ठिणगीची वेळ) सरकतं, दोरी उलटा झटका देते. आणि माळी बिचारा कार्बोरेटर उघडून बसतो! प्लग काढून ब्लेड हाताने फिरवा. मधला बोल्ट डुगडुगला तर क्रँकशाफ्ट वाकला आहे.

आठवड्याला अर्धा तास चालवणाऱ्याने महागाच्या भानगडीत पडू नये. कंत्राटदाराने जीएक्सव्हीच घ्यावं. पहिलं ऑइल २० तासांनी बदलावं, स्वस्त इंजिनात पुढे दर ५० तासांनी. ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल कार्बोरेटरमध्ये महिनोन्‌महिने राहिलं तर ओलावा धरतं, बाऊलमध्ये (कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत) पांढरी भुकटी साचते, जेट (पेट्रोलचं बारीक भोक) बुजतं. पावसाळा संपल्यावर टाकी आणि बाऊल रिकामे करा. खालून गवत खरवडताना मशीन आडवं करायचं ते फिल्टरची बाजू वर ठेवूनच, नाहीतर ऑइल कार्बोरेटरमध्ये उतरतं.