भाजीवाली कुठल्या गावची?

आपल्या शाळेत चित्रकलेचे आठवड्याला दोनच तास असायचे आणि दहावीच्या वर्षी त्यातला एक गणिताच्या बाई हक्काने मागून घ्यायच्या. त्यामुळे जेजेची, म्हणजे मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयाच्या प्रवेशाची, माझी खरी तयारी झाली ती शनिवारी दुपारी, सकाळची शाळा सुटल्यावर. चित्रकलेचे सर डबा खाऊन यायचे आणि आधी चित्रकलेच्या वर्गाची रस्त्याकडची खिडकी लावून घ्यायचे. उजेड एकाच बाजूने हवा, नाहीतर वस्तूच्या दोन-दोन सावल्या पडतात आणि आठवीतलं पोर गडबडतं. मग टेबलावर मांडणी: पितळी तांब्या, ॲल्युमिनियमचा टोप, काचेची बरणी, खाली चुरगळलेली चादर. भांडी आमच्याच घरून यायची. माझ्या आईचा तांब्या चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेपासून इंटरमिजिएटपर्यंत शाळेतच मुक्कामाला होता.

टोपाचं तोंड लंबगोल काढणं सगळ्यांनाच जमतं. बूड मात्र जो तो सरळ रेघ मारून उरकतो, कारण टोप ओट्यावर सपाट बसतो हे डोक्यात पक्कं असतं. सर म्हणायचे, नजरेच्या जितकं खाली जाल तितका लंबगोल उघडत जातो. म्हणजे बुडाची कड तोंडापेक्षा जास्त गोल. हे हाताला कळायला मला अख्खा पावसाळा लागला. पितळेची चकाकी पिवळ्यात पांढरा कालवून येत नाही, शेजारचा गडद तपकिरी न घाबरता लावला की येते, हेही तिथेच शिकलो.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या राज्याच्या कला संचालनालयाच्या परीक्षा. आता इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला 7 वाढीव गुण मिळतात, म्हणून वर्ग भरलेले असतात. गुणांसाठी का होईना, पोरं ब्रश हातात धरतात. माझी काही तक्रार नाही. जेजेची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, बारावीनंतर. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र (डिझाइन), स्मरणचित्र (दिलेल्या विषयावर आठवणीतून काढायचं चित्र) आणि सामान्यज्ञान. पहिले तीन विषय ग्रेड परीक्षांनी आधीच घोटून घेतलेले असतात. कॉलेजात गेल्यावरही सरांनी मला शनिवारी येऊ दिलं, यासाठी त्यांनी कुणाची परवानगी काढली होती की नाही, देव जाणे.

अडचण होती स्मरणचित्राची. त्या काळी सगळे जायचे म्हणून मीही एका क्लासला जात होतो. तिथे साचा मिळायचा: पुढे एक मोठी पाठमोरी आकृती, मध्ये बसलेली बाई, मागे दोन उभे, कोपऱ्यात झाड. विषय बाजार असो की बसस्टॉप, माणसं तीच, फक्त टोपल्या बदलायच्या. तसलं एक चित्र मोठ्या ऐटीत सरांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही भाजीवाली कुठल्या गावची रे? आपल्या लालबागची तर दिसत नाही."

त्यानंतर वही घेऊन रस्त्यावर बसणं आलं. चिंचपोकळी स्टेशनच्या पुलाखालची भाजीवाली एक गुडघा उभा करून बसते आणि सुट्ट्या पैशांची पिशवी मांडीखाली दाबते. उन्हाळ्यात मिरची कांडायला आलेल्या बायका तोंडावर पदर धरून उभ्या असतात, कांडणाऱ्यांच्या भुवयासुद्धा लाल झालेल्या. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर. माझं बसचं चित्र त्यांनी चहा पिता पिता बघितलं आणि म्हणाले, "अरे, कंडक्टर दांड्याला धरून तिकीट फाडेल कसा? दोन्ही हात अडकलेले असतात. सीटला कंबर टेकवतो तो." चित्रकलेतलं त्यांना काही कळत नाही असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं. पण माणसाचा तोल कुठे असतो, हे मला त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगितलं नाही.

सामान्यज्ञानासाठी सरांनी गाइड घेऊ दिलं नाही. अब्दुल रहमान स्ट्रीटला कागद घ्यायला न्यायचे आणि येताना क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं दाखवायचे. ती लॉकवुड किपलिंग यांच्या आराखड्याची. ते पलीकडे जेजेतच शिल्पकला शिकवायचे आणि त्यांचा मुलगा, लेखक रुडयार्ड किपलिंग, 1865 मध्ये तिथल्या आवारातच जन्मला. जेजे 1857 ची, जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभी राहिलेली. अजिंठ्याची चित्रं जेजेचेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी जेजेच्या विद्यार्थ्यांना घेऊन उतरवली. मग व्हीटी स्टेशनसमोर थांबून, वरच्या दगडी पानाफुलांकडे बोट करत: "यातही जेजेच्या पोरांचे हात आहेत. तुमच्याहून चार वर्षांनी मोठी असतील." त्या दिवसापर्यंत जेजे मला परीक्षेचं नाव वाटायचं.

सीईटीच्या स्मरणचित्रात मी कांडपवाली बाई घुसवलीच. विषयात ती बसत होती असं आजही छातीठोकपणे सांगणार नाही. यादीत नाव मात्र लागलं.

जेजेत गेल्यावर कळलं की जलरंगात कोल्हापूर-सांगलीकडची मुलं आमच्या कितीतरी पुढे आहेत. त्यांचं आभाळ एका हाताच्या फिरवणीत उतरायचं, माझं तिसऱ्या थरानंतर चिखल व्हायचं. पहिलं वर्षभर मी त्यांच्या मागे उभा राहून पाणी किती घ्यायचं ते शिकलो. गर्दी काढायची वेळ आली की ते माझी वही मागून न्यायचे.