घाटात न्यूट्रल करून पेट्रोल वाचत नाही

मानपूर सुटलं की माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता गणेश घाटातून खाली निमाडात उतरतो. परवा इंदूरहून नाशिकला जाताना तिथेच जळक्या ब्रेकचा वास आला. पुढे एक सात सीटर, टपावर कॅरिअर, त्यावर बॅगा, आणि मागचे लाल दिवे सलग पेटलेले. धामनोदला चहाला थांबलो तर तीच गाडी शेजारी. काका तापलेल्या चाकावर पाण्याची बाटली रिकामी करणार, तेवढ्यात त्यांना थांबवलं. लाल तापलेल्या ब्रेकच्या डिस्कवर (चाकामागच्या तबकडीवर) गार पाणी पडलं तर ती वाकते, मग प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं. ब्रेक आपोआपच निवू द्यावेत. हँडब्रेकही ओढू नये, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा.

"उताराला न्यूट्रल करतो, तेवढंच पेट्रोल वाचतं," ते म्हणाले. गाडीत लहान मुलं होती. फार वाईट वाटलं.

वाचत नाही हो! इंजेक्टरच्या गाडीत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच, आणि गाडी आवरायचं सगळं ओझं ब्रेकवर येतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. जुनं ऑइल तापलं की त्यात वाफ धरते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावं. इंजिनच बंद करून उतरणं तर आणखी वाईट: दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं.

ज्या गिअरवर घाट चढाल त्याच गिअरवर उतरा. गाडी भरलेली असेल तर तिसरा, वेग वाढायला लागला तर दुसरा. ब्रेक जोरात, थोडा वेळ दाबायचा, वेग उतरला की पाय पूर्ण उचलायचा. पाय नुसता टेकवून ठेवला की पॅड जळतात.

पेट्रोल वाचवायचंच असेल तर ते सपाट रस्त्यावर वाचतं. ८० ऐवजी १००ने गेलं तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि उंच गाडीला तो मुळातच जास्त असतो. त्यात टपावरच्या बॅगा! आत मावत असतील तर जड बॅगा खाली, मागच्या सीटच्या पाठीला लावून ठेवाव्यात. टायरची हवा घरून निघण्यापूर्वी, टायर गार असताना भरावी. पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर मिळतो.

गाडी मोठी म्हणजे खर्चिक, हेही अर्धंच खरं. समजा ४०० किलोमीटर जायचंय. लहान गाडी लिटरला १८ देते, चौघांत माणशी साडेपाच लिटर पडतात. सात सीटर १३च देते, पण सातजण बसले तर माणशी साडेचारच. चौघांसाठी तीच काढली तर पावणेआठ. सातजणांना दाटीवाटीने लहान गाडीत कोंबणं हा मात्र पर्यायच नाही.

पाठ दुखू नये म्हणून सीट कशी लावायची, त्याचं गणित सोपं: क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला हवा, आणि पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे.

खलघाटला नर्मदा ओलांडली, जुलवानिया, सेंधवा गेलं. बिजासन घाटात ती सात सीटर पुन्हा पुढे दिसली. टप रिकामा होता. लाल दिवे वळणापाशी लागत होते आणि लगेच विझत होते.