तुम्ही विचारलंत म्हणून: पराभवानंतर प्रदेशाध्यक्ष बदलून काय साधते?

निवडणुकीत पक्ष सपाटून हरला की थोड्याच दिवसांत प्रदेशाध्यक्ष बदलतो, त्याने खरोखर काही फरक पडतो का, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणारे बहुतेक माझे जुने विद्यार्थी असतात. विदर्भातल्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवत असे आणि त्या वर्गांत बसलेली मुले आज जवळजवळ सगळ्याच पक्षांत कुठे ना कुठे आहेत. कोणी तालुकाध्यक्ष, कोणी माजी नगरसेवक, कोणी नुसताच कार्यकर्ता. २०२४ च्या विधानसभा निकालानंतर आधी काँग्रेसने आणि मग शरद पवारांच्या राष्ट्रवादीने प्रदेशाध्यक्ष बदलला, तेव्हा हा प्रश्न पुन्हा नव्याने आला. फोनवर दोन वाक्यांत त्याचे उत्तर देणे मला कधी जमले नाही, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

फरक पडतो, असेच माझे मत आहे. मात्र नवा अध्यक्ष कोणत्या भागाचा, कोणत्या समाजाचा, कोणत्या गटाचा, याच चर्चेत आपण सगळा वेळ घालवतो आणि तो कोणी व कसा निवडला हे विचारायचे राहून जाते. माझ्या लेखी सगळी मेख तिथे आहे.

काँग्रेसचेच उदाहरण घेऊ. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत या पक्षाने राज्यात १७ जागा लढवून १३ जिंकल्या होत्या. पाच-सहा महिन्यांतच, २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला, तेव्हा १०१ जागा लढवून हाती आल्या १६. संगमनेरमध्ये बाळासाहेब थोरात पडले, कराड दक्षिणमध्ये पृथ्वीराज चव्हाण पडले आणि खुद्द प्रदेशाध्यक्ष नाना पटोले साकोलीतून अवघ्या २०८ मतांनी तरले. महाविकास आघाडीतल्या एकाही पक्षाला विरोधी पक्षनेतेपदासाठी लागणारे दशांश संख्याबळ गाठता आले नाही. पटोले यांनी जबाबदारीतून मुक्त करण्याची विनंती केली. त्यानंतर १३ फेब्रुवारी २०२५ ला बुलढाण्याचे माजी आमदार हर्षवर्धन सपकाळ यांचे नाव दिल्लीहून जाहीर झाले आणि विधिमंडळ पक्षनेतेपद विजय वडेट्टीवार यांच्याकडे गेले. निकाल आणि नियुक्ती यांत जवळजवळ बारा आठवडे गेले. २०१४ च्या पराभवानंतर तर ऑक्टोबरच्या निकालापासून मार्चमध्ये अशोक चव्हाण येईपर्यंत साडेचार महिने गेले होते.

हे आठवडे कसे जातात, ते जिल्ह्यात राहणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. इच्छुक दिल्लीच्या वाऱ्या करतात. निरीक्षक येतात, एकेकाला खोलीत बोलावून मत विचारतात, अहवाल सीलबंद होऊन वर जातो आणि तो पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. मुंबईत नावांच्या याद्या फिरतात. विदर्भाला दिले तर मराठवाड्याला काय, मराठा दिला तर ओबीसीला काय, अध्यक्ष एका भागाचा तर गटनेता दुसऱ्या भागाचा, अशी जुळवाजुळव चालते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज्यात काँग्रेसची एकच जागा आली, त्यानंतर जुलैमध्ये थोरात अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्यासोबत पाच कार्याध्यक्ष नेमले गेले. ते पाचही आपापल्या परीने तोलामोलाचे होते, पण एका पदाची सहा पदे करण्यामागे सर्वांचे समाधान हाच हेतू होता, हे लपून राहिले नाही. समतोल साधण्यात गैर काही नाही. एवढ्या मोठ्या आणि इतक्या भिन्न प्रदेशांच्या राज्यात तो साधावाच लागतो. माझी तक्रार एवढीच आहे की या सगळ्या काळात पक्ष का हरला या प्रश्नावर कोणी मनापासून बोलत नाही, आणि ज्यांना बोलायचे असते त्यांच्यापर्यंत माईक पोहोचत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका पराभवानंतर माझ्या एका विद्यार्थ्याने मला आग्रहाने त्यांच्या तालुक्याच्या चिंतन बैठकीला नेले होते. पक्षाचे नाव मी मुद्दामच घेत नाही, कारण तशी बैठक मी कोणत्याही पक्षात पाहू शकलो असतो. मंगल कार्यालयात पुढच्या दोन रांगा पदाधिकाऱ्यांसाठी राखीव होत्या. निरीक्षक दुपार टळल्यावर आले. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मग स्वागतपर भाषणे यांत बराच वेळ गेला. मधल्या रांगेत एक बाई बसल्या होत्या; मतदानाच्या दिवशी त्या पक्षाच्या मतदान प्रतिनिधी होत्या. केंद्राध्यक्षांनी दिलेला नमुना १७ सी, म्हणजे त्या केंद्रावर किती मते पडली याच्या हिशेबाचा कागद, त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत आणला होता आणि त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने टिपणे केली होती. पक्षाने दिलेल्या बूथ समितीच्या यादीत त्यांच्या वस्तीतली दहा नावे होती. त्यांतले दोघे वारले होते, तिघे पुण्याला कामाला गेले होते आणि एकाने वर्षापूर्वीच दुसऱ्या पक्षाचा गमछा गळ्यात घातला होता. आदल्या निवडणुकीत पक्षाला मत देणाऱ्या कोणत्या गल्लीतून यावेळी बायका बाहेरच पडल्या नाहीत आणि कोणत्या गल्लीतून त्या बाहेर पडल्या पण विरोधी चिन्हावर मत देऊन आल्या, हेसुद्धा त्यांनी घर-घर आठवून लिहिले होते. उमेदवार त्या वस्तीत एकदाही आला नव्हता, हे त्यांनी मला शेजारी बसल्या बसल्या हलक्या आवाजात सांगितले.

त्यांना बोलायची संधी मिळाली नाही. ‘पक्षश्रेष्ठी जो निर्णय घेतील तो आम्हा सर्वांना मान्य राहील’ असा एका ओळीचा ठराव वाचला गेला, हात वर झाले, टाळ्या वाजल्या आणि सगळे जेवायला उठले. त्या बाईंच्या पिशवीतल्या कागदावर जे होते, ते कोणत्याही निरीक्षकाच्या अहवालापेक्षा मोलाचे होते असे मला त्या दिवशी वाटले, आणि आजही वाटते. नवा अध्यक्ष त्यांच्या मतावर निवडून येणार असता, तर कोणीतरी तो कागद मागून वाचला असता.

पराभवानंतर माणूस बदलावाच लागतो असेही नाही, आणि याला महाराष्ट्राचा इतिहास साक्षी आहे. १९५६ मध्ये मराठी आणि गुजराती प्रदेश एकत्र असलेल्या द्वैभाषिक मुंबई राज्याच्या नेतेपदासाठी यशवंतराव चव्हाण आणि भाऊसाहेब हिरे यांच्यात विधिमंडळ पक्षात प्रत्यक्ष मतदान झाले आणि यशवंतराव जिंकले. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची पुरती धूळधाण केली. स्वतः यशवंतराव कराडमधून निसटते निवडून आले. गुजरात आणि विदर्भाच्या बळावर सत्ता राहिली. यशवंतराव नेतेपदी राहिले, पण त्या पराभवाने लोकांचे म्हणणे दिल्लीच्या गळी उतरवण्याचे काम त्यांच्यावर सोपवले, आणि १ मे १९६० ला मराठी राज्य झाले. माणूस तोच राहिला, पक्षाची भूमिका बदलली. त्यांना आपल्या आमदारांच्या मतांचा आधार होता, म्हणून पराभवानंतरही त्यांच्या शब्दाला दिल्लीत वजन होते, असे मी वर्गात सांगत असे.

नंतरच्या काळात हे वजन आटत गेले. १९८५ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांना न विचारता प्रभा राव यांची प्रदेशाध्यक्षपदी नेमणूक झाली, तेव्हा दादांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या नेमणुकीच्या गुणदोषांत मी शिरत नाही. वसंतदादांसारख्या, खेड्यापाड्यांतल्या कार्यकर्त्याला नावाने ओळखणाऱ्या नेत्यालाही आपल्या राज्याचा अध्यक्ष ठरवण्यात शब्द उरला नव्हता, हे मात्र त्या प्रसंगाने सर्वांना कळले.

अलीकडचे उलटे उदाहरणही डोळ्यांसमोर आहे. २०२४ च्या लोकसभेत भाजप राज्यात २३ वरून ९ वर आला. देवेंद्र फडणवीस यांनी उपमुख्यमंत्रिपद सोडून संघटनेचे काम करण्याची तयारी जाहीर केली, पण पक्षाने त्यांना सोडले नाही आणि प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांनाही बदलले नाही. त्याच उन्हाळ्याअखेर दरमहा दीड हजार रुपयांची ‘लाडकी बहीण’ योजना आली, बूथनिहाय मतांचा हिशेब मांडला गेला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचे १३२ आमदार निवडून आले. सत्ता हाती असण्याचा आणि सरकारी तिजोरीचा त्यात मोठा वाटा होता, हे नाकारता येणार नाही. तरीही पराभवाचे कारण शोधायला त्यांनी निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली आणि इतरांनी अध्यक्ष शोधायला, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. अर्थात अध्यक्षाच्या निवडीत तोही पक्ष वेगळा नाही. जुलै २०२५ मध्ये रवींद्र चव्हाण अध्यक्ष झाले, तेव्हा निवडणुकीचे वेळापत्रक होते, अर्ज मात्र एकच आला.

राष्ट्रवादीत (शरदचंद्र पवार) बदल सौम्यपणे झाला. ८६ जागा लढवून १० आल्यानंतरही जयंत पाटील काही महिने पदावर होते. जून २०२५ मध्ये पुण्याच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात त्यांनी पवारांच्या समोरच नव्या चेहऱ्यांना संधी द्या असे म्हटले आणि जुलैमध्ये शशिकांत शिंदे यांच्याकडे सूत्रे गेली. शिंदे माथाडी चळवळीतून आलेले, पराभव पचवलेले नेते आहेत. सपकाळ यांचीही ओळख साधे राहणारे, ग्रामस्वराज्याच्या विचाराने काम करणारे कार्यकर्ते अशी आहे. जिल्हा परिषदेपासून त्यांनी सुरुवात केली. या दोन्ही निवडी मला व्यक्ती म्हणून चांगल्या वाटतात. म्हणूनच त्यांच्याबद्दल जास्त काळजी वाटते. वरून आलेला अध्यक्ष वरूनच जाऊ शकतो, हे जिल्ह्यातला प्रत्येक मातब्बर जाणून असतो आणि त्या हिशेबानेच तो त्याचे किती ऐकायचे ते ठरवतो. त्यातच २०२२ पासून बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. सदस्य, सभापती अशा पायऱ्यांवरून कार्यकर्ता वर येतो. त्या पायऱ्याच वर्षानुवर्षे बंद होत्या. अशा वेळी नव्या अध्यक्षाला लोकांचा कौल मिळालेली माणसे आणायची कुठून?

पक्षात निवडणुका न घेण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे याच राज्यात दिसले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेच्या नाव-चिन्हाचा निकाल देताना निवडणूक आयोगाने पदाधिकाऱ्यांच्या नेमणुका निवडणुकीविना झाल्याबद्दल कडक शब्दांत लिहिले आणि संघटनेतल्या बहुमताची कसोटी बाजूला ठेवून आमदार-खासदारांची संख्या प्रमाण मानली. वर्षभराने राष्ट्रवादीच्या प्रकरणातही शेवटी आमदारांचीच संख्या मोजली गेली. तो निकाल बरोबर की चूक, यावर न्यायालयात आणि लोकांत वाद झाला, पण गावोगावच्या शाखाप्रमुखांचे मत मोजण्याजोगे मानले गेले नाही, ही गोष्ट कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याने विसरू नये.

आता काँग्रेसचीच एक गोष्ट सांगतो, जी मला आशादायक वाटते. १७ ऑक्टोबर २०२२ ला राष्ट्रीय अध्यक्षपदासाठी गुप्त मतदान झाले. देशभरातल्या नऊ हजारांहून अधिक प्रदेश प्रतिनिधींनी मत दिले. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मते पडली. दादरच्या टिळक भवनातही पेटी होती. हरलेला उमेदवार पक्षात राहिला, पक्ष फुटला नाही, जगबुडी झाली नाही. त्याच्या आदल्या महिन्यात मात्र याच प्रतिनिधींनी प्रदेशाध्यक्ष नेमण्याचा अधिकार राष्ट्रीय अध्यक्षांना देणारे ठराव राज्याराज्यांत केले होते, महाराष्ट्रातही. सगळ्या देशाचा अध्यक्ष निवडण्याएवढी समज ज्यांना आहे, त्यांना आपल्या राज्याचा अध्यक्ष निवडता येणार नाही, हे मला कोणीही पटवून देऊ शकलेले नाही.

यावर माझे विद्यार्थी एक आक्षेप घेतात आणि तो खरा आहे. युवक काँग्रेसमध्ये अंतर्गत निवडणुका सुरू झाल्या, तेव्हा सदस्यनोंदणीसाठी पैसे ओतले गेले आणि अनेक ठिकाणी नेत्यांचीच मुले निवडून आली. निवडणूक घेतली म्हणजे गरीब कार्यकर्ता आपोआप वर येतो, असे मी म्हणणार नाही. पण त्यातला रोग मतदानात नव्हता, मतदारयादीत होता. जो ज्याचे सदस्य भरेल तो जिंकेल, अशी ती यादी होती. म्हणून पुढच्या वेळी माझी सूचना साधी आहे. निकालानंतर महिनाभरात तालुकानिहाय प्रतिनिधींची यादी पक्ष कार्यालयाच्या फलकावर लावावी. ज्याने मागच्या निवडणुकीत मतदान प्रतिनिधी म्हणून मतदान केंद्रावर दिवस काढला त्याला, किंवा तिला, आपोआप मताचा अधिकार असावा, कारण त्याची नोंद पक्षाकडे आणि निवडणूक यंत्रणेकडे आधीच असते आणि ती पैशाने मागाहून वाढवता येत नाही. पंधरा दिवस हरकती घ्याव्यात. उमेदवारांनी विभागवार त्याच लोकांसमोर उभे राहून पक्ष का हरला याचे आपले उत्तर द्यावे, प्रश्न घ्यावेत, आणि मग जिल्ह्याच्या ठिकाणी पेट्या ठेवून गुप्त मतदान घ्यावे.