महोत्सव दोन दिवसांचा, डिपॉझिट परत मिळायला आठ महिने – माझा अनुभव

कोकणातल्या आमच्या शहरात किनाऱ्यावर आम्ही आठ जणांनी फेब्रुवारीत दोन दिवसांचा महोत्सव केला. नमन, जाखडी ह्या आमच्या कोकणी लोककला, संध्याकाळी गाणी आणि बचत गटांचे खाण्याचे 40 स्टॉल. गर्दी तुफान होती. आणि तरीही तोटा झाला, 1 लाख 60 हजार. खर्च 6 लाख 85 हजार. जमा म्हणजे स्पॉन्सरचे 3 लाख 10 हजार, स्टॉलचं भाडं 3 हजारप्रमाणे 1 लाख 20 हजार आणि वर्गणी 95 हजार. किनाऱ्याला कुंपण घालून तिकीट लावता येत नाही, लावूही नये, तो सगळ्यांचा आहे. त्यामुळे गर्दी कितीही वाढली तरी आपल्या हातात काही येत नाही, उलट टॉयलेट, लाईट, कचरा उचलणं ह्याचा खर्च वाढतो. तोटा आम्ही 20-20 हजार घालून भरला, त्याचं मला दुःख नाही. घावण्यांच्या स्टॉलवरच्या ताई दुसऱ्या दिवशी रात्री नऊला पीठ संपलं म्हणून हात धुवून नमन बघायला येऊन बसल्या, ते बघूनच माझे पैसे वसूल झाले.

राग आहे तो 50 हजारांच्या डिपॉझिटचा.

परवानग्या तशा पटकन झाल्या. मेरीटाईम बोर्ड, पोलीस, फायर, महावितरणचं तात्पुरतं मीटर, सगळं सव्वा महिन्यात. ज्या कार्यालयाने जागा दिली (नाव घेत नाही) त्यांनी जागा साफ करून परत द्यायची म्हणून 50 हजार भरून घेतले. हे पैसे परत आले की मंडपवाल्या काकांचे उरलेले 50 हजार द्यायचे असं आमचं ठरलेलं, काकांनाही तसंच सांगितलेलं.

महोत्सव संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपासून आम्ही चाळीस-पंचेचाळीस जण वाळूत होतो. बांबूचे खड्डे बुजवले, पत्रावळी, बाटल्या, अगदी सुतळीचे तुकडे वेचले, दुपारी बारापर्यंत किनारा आरशासारखा. सोमवारी अर्ज दिला. सांगितलं, पाहणी होईल, स्वच्छतेचा दाखला मिळेल, मग बिल निघेल. मार्च गेला, वर्षअखेर आहे म्हणाले. एप्रिल-मेमध्ये पाहणी करणारे साहेब दुसऱ्या कामावर. मी दर मंगळवारी जायचो, दुकान अर्धा दिवस बंद ठेवून. पाहणी झाली कधी, तर जुलैत! पावसाळ्यात समुद्र काय काय बाहेर टाकतो हे किनाऱ्यावर राहणाऱ्या लहान पोरालाही माहीत आहे, ओंडके, जाळ्यांचे तुकडे, थर्माकोल, ढीगभर प्लास्टिक. आणि अहवालात लिहिलं, "जागेवर मोठ्या प्रमाणात कचरा आढळून आला." म्हणजे फेब्रुवारीत आम्ही साफ केलेल्या किनाऱ्यावर जुलैचा समुद्राचा कचरा आमच्या नावावर. ते वाचताना माझे हात थरथरत होते. मी त्यांना म्हटलं, साहेब, ह्यात आमची एक पत्रावळ दाखवा, मी पैसे सोडून देतो. ते म्हणाले, अहवाल झालाय, आता वरिष्ठांकडे अपील करा.

मग वरती अपील, सोबत त्या सकाळचे फोटो. फोटो आहेत हे नशीब, आमच्यातल्या एकाने सहज काढले होते, मोबाईलमध्ये तारीख-वेळ होती. अहवाल बदलला, तर लेखा विभागात नवीन अडचण, डिपॉझिटची पावती माझ्या वैयक्तिक नावाने आणि बँक खातं आम्हा आठ जणांच्या मंडळाचं. पैसे भरताना खिडकीवर माझं नाव विचारलं, मी सांगितलं, तेच छापलं गेलं. पैसे मंडळाचे आहेत आणि मी फक्त भरायला गेलो होतो हे सिद्ध करायला ठराव, स्टॅम्प पेपरवर हमीपत्र, कॅन्सल चेक. शिवाय मूळ पावती मागितली, जी त्यांनीच अर्जाला जोडून घेतली होती. फाईल त्यांच्याकडे, आणि पावती माझ्याकडे मागतात.

शेवटी कंटाळून माहितीचा अधिकार टाकला. साध्या कागदावर अर्ज, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. "का दिलं नाही" असं विचारू नका, का-चं उत्तर देत नाहीत. माझी फाईल कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर आली, तिथे किती दिवस होती, त्या अधिकाऱ्याचं पदनाम काय, एवढंच विचारा. उत्तर द्यायला 30 दिवसांची मुदत असते. मला अठराव्या दिवशी फोन आला की पावती सापडली, ऑक्टोबरमध्ये पैसे खात्यात. त्याच संध्याकाळी काकांकडे गेलो. आठ महिन्यांत त्यांनी एकदाही फोन करून तगादा लावला नव्हता, मलाच त्यांच्या गल्लीतून जायची लाज वाटायची.

तेव्हा पावती मंडळाच्या नावाने आणि तिची झेरॉक्स दोन. जागा सोडताना पंचनाम्यासारखा कागद तिथल्या तिथे करून आजूबाजूच्या चार जणांच्या सह्या घ्या, आम्ही घेतल्या नाहीत.

अजून एक, हे आधी लिहायला हवं होतं. तारीख ठरवताना भरती बघा. आम्ही चांदणं मिळेल म्हणून पौर्णिमा धरली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ, पौर्णिमेला 15 ची पाऊणपट सव्वा अकरा, म्हणजे संध्याकाळभर पाणी चढतच राहणार आणि तेही उधाणाचं. साडेनऊला पुढच्या तीन रांगा उचलायला लागल्या. अष्टमीला भरती सहाला, भांगाची, जेमतेम चढते आणि कार्यक्रम चालू असताना पाणी मागे जातं. शुद्ध अष्टमी धरली तर अर्धा चंद्रही डोक्यावर असतो.

आणि स्पीकर दहाला बंद म्हणजे बंद. वर्षातले ठराविक दिवस बारापर्यंत सूट असते, पण ते दिवस आधीच जाहीर झालेले असतात, आपला महोत्सव त्यात नसतो. नमन रात्रभर चालणारं, ते अडीच तासात बसवून घ्यायला नमनाच्या मंडळाशी महिनाभर आधी बोला, आयत्या वेळी सांगितलं की त्यांना फार वाईट वाटतं.

स्पॉन्सरचे पैसे आधी घ्या. दोघांनी बॅनर लावून घेतले आणि 70 हजार दिलेच नाहीत.

पुढच्या वर्षी आठातले सहा तयार आहेत. मी कॅलेंडरमध्ये फेब्रुवारी-मार्चमधल्या शुद्ध अष्टमीला गोल करून ठेवलाय, शनिवार-रविवार जवळ येतोय का तेवढं बघायचंय.