तुम्ही विचारलंत म्हणून: जुने पोलिश संगीत कोणत्या वाद्यावर वाजवावे?

सोळाव्या शतकातील पोलिश रचना वाजवल्या की श्रोत्यांपैकी कोणीतरी हमखास विचारते, की या मुळात कोणत्या वाद्यासाठी लिहिल्या होत्या आणि आज त्या पियानोवर वाजवल्या तर काय बिघडते. उत्तर एका वाद्याच्या नावात मावत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहितो.

या संगीताचा सर्वांत मोठा ठेवा म्हणजे 'लुब्लिनच्या यानचे टॅब्लेचर' (टॅब्लेचर म्हणजे वाद्यासाठी अक्षरे-खुणांनी लिहिलेले संगीत) हे हस्तलिखित. पोलंडमधील क्राश्निक येथील मठात १५३७ ते १५४८ या काळात ते लिहिले गेले आणि आज ते क्राकूवमध्ये जतन केलेले आहे. त्यात साडेतीनशेहून अधिक रचना आहेत. वरचा स्वर रेघांवर आणि खालचे स्वर अक्षरांनी, अशी त्याची लेखनपद्धती आहे. चर्चमधील उपासनेच्या धुनी, जोस्कँ आणि जानकँ या संगीतकारांच्या गायनरचनांची वाद्यासाठी केलेली रूपे, लहान आलापीसारखी प्राम्बुले आणि तीसेक नृत्ये हे सगळे एकाच वहीत शेजारी शेजारी आहे. वहीत रचनाशास्त्राचे धडे आहेत आणि ऑर्गन स्वरात लावण्याच्या सूचनाही आहेत. त्यामुळे ती मैफलीसाठी नसून शिकवण्यासाठी आणि रोजच्या वापरासाठी होती, हे उघड आहे. काही रचनांवर 'एन. सी.' ही आद्याक्षरे आहेत; ती क्राकूवच्या मिकोवाय या संगीतकाराची (लॅटिनमध्ये निकोलाउस क्राकोव्हिएन्सिस) मानली जातात.

उपासनेच्या धुनी ऑर्गनवरच शोभतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, कारण लांब धरलेला खालचा स्वर न विरता टिकून राहिला तरच वरच्या स्वराची वेलबुट्टी उभी राहते. प्रश्न येतो तो नृत्यांचा. 'हायदुत्स्की', किंवा आऱ्या घेऊन रस्त्याने चाललेल्या तरुण चांभाराच्या गाण्यावरचे नृत्य, यांसाठी वहीत वाद्याचे नाव दिलेले नाही. इटलीच्या बोना स्फोर्झा १५१८ मध्ये राणी होऊन क्राकूवला आल्या आणि त्या दरबाराचा इटलीशी संबंध घट्ट झाला, म्हणून पातळ लाकडाचे, हलक्या बांधणीचे इटालियन पद्धतीचे हार्पसिकॉर्ड हा नृत्यांसाठी योग्य पर्याय वाटतो. त्यात पिसाच्या कण्याची नखी तार छेडते. स्वर चटकन उमटतो, चटकन विरतो आणि पावलांचा ठेका स्पष्ट ऐकू येतो. दोन मात्रांच्या नृत्यामागून त्याच धुनीचे तीन मात्रांतले रूप येते, तेव्हा हा ठळकपणा फार मोलाचा ठरतो.

तरीही मला एकच वाद्य निवडायला सांगितले तर मी क्लॅव्हिकॉर्ड निवडेन. त्याची यंत्रणा अगदी साधी आहे: पट्टीच्या मागच्या टोकावरचे पितळी पाते तारेला भिडते, आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत भिडूनच राहते. म्हणून वाजवणाऱ्याचे बोट स्वर निघाल्यानंतरही त्याच्या संपर्कात असते, आणि दाब किंचित कमीजास्त करून स्वर हलवता येतो. जुन्या क्लॅव्हिकॉर्डांत दोनतीन शेजारच्या पट्ट्यांना मिळून तारांची एकच जोडी असे, त्यामुळे ते शेजारचे स्वर एकत्र वाजू शकत नाहीत; पहिले बोट वेळेवर उचलावेच लागते आणि त्यातून आपोआप शिस्त येते. आवाज इतका लहान, की तो खोलीबाहेर जात नाही. ऑर्गनवादक सरावासाठी हेच वाद्य वापरत, कारण थंड चर्चमध्ये भाता मारायला माणूस रोज कोठून मिळणार? साल कोरलेले, आजवर टिकलेले सर्वांत जुने क्लॅव्हिकॉर्ड १५४३ चे आहे आणि ते लाइपझिगच्या संग्रहालयात आहे. म्हणजे ते व्हेनिसमध्ये बनत होते, तेव्हा क्राश्निकची वही लिहिली जात होती.

मात्र वाद्याच्या नावापेक्षा स्वरजुळणीला मी अधिक महत्त्व देतो, आणि ही गोष्ट मराठी श्रोत्याला युरोपीय श्रोत्यापेक्षा लवकर कळते, असा माझा अनुभव आहे. नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्याच्यापेक्षा पियानोचा किंवा हार्मोनियमचा गंधार चढा असतो; हा फरक सुमारे चौदा सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाइतका आहे. सोळाव्या शतकातल्या मीनटोन जुळणीत पंचम किंचित उतरवून हा गंधार शुद्ध ठेवत असत, आणि तिचे वर्णन पिएत्रो आरोन यांनी १५२३ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात केले आहे. पंचम उतरवल्याची किंमत म्हणून एक पंचम अगदी बेसूर होतो, पण या रचना त्याच्या वाटेला सहसा जातच नाहीत. अशा जुळणीत शेवटची स्वरसंगती शांतपणे स्थिरावते. पियानोवर ती थरथरत राहते, आणि सारा तुकडा साधा, जवळजवळ बाळबोध वाटू लागतो. पियानोवर बिघडते ते हे.

वॉर्सात जन्मलेल्या वान्डा लान्डोव्स्का यांचे ऋण येथे मानलेच पाहिजे. त्यांनी १९१२ पासून प्लेयेल कंपनीचे मोठे हार्पसिकॉर्ड वाजवून हे वाद्य पुन्हा मैफलीत आणले. त्या वाद्याला एक सप्तक खाली बोलणारा तारांचा जादा संच होता, त्याला 'सोळाफुटी' म्हणतात. त्यांच्या वादनातली लय मला अजूनही अतुलनीय वाटते, पण वाद्य मात्र या नृत्यांसाठी फार जड आहे असे माझे मत आहे.

पुण्यामुंबईत यांतले कोणतेही वाद्य सहज मिळणार नाही, हे मी जाणतो. पुष्कळ डिजिटल पियानोंमध्ये हार्पसिकॉर्डचा आवाज आणि मीनटोन जुळणी निवडण्याची सोय असते. आधी जुळणी बदलावी, आवाज नंतर निवडावा, ध्वनी अगदी लहान ठेवावा, पेडलला पाय लावू नये आणि सुरुवात 'हायदुत्स्की'पासून करावी.