तुमची तर आता चांदी असेल!

पुण्या-मुंबईचा पाहुणा सोलापूरला आमच्याकडं आला की पहिला चहा संपायच्या आत हा प्रश्न येतोच. "अक्कलकोटला पाय ठेवायला जागा नाही, तुळजापूरला तीच गत, वंदे भारत झाली, आता विमानही येतं म्हणे. तुमच्या चादरीच्या दुकानाची तर चांदी असेल!" मी "चाललंय" म्हणतो आणि विषय हुरड्यावर नेतो. पण विचारणारे वाढत चाललेत. तुम्हीही विचारलंत, म्हणून आता सविस्तर सांगतो.

गर्दी खरी आहे, त्यात शंका नाही. तुळजापूर इथून पंचेचाळीस किलोमीटर, अक्कलकोट चाळीसेक, पंढरपूर सत्तरच्या आसपास आणि गाणगापूरचा रस्ताही इकडूनच. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की सोलापुरातल्या लॉजवर खोली मिळत नाही. मात्र ही माणसं सोलापुरात झोपतात, सोलापूर बघत नाहीत. वंदे भारतचंच घ्या. 10 फेब्रुवारी 2023 ला गाडी सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. ती मुंबईहून येते रात्री साडेदहाच्या पुढं आणि परत निघते सकाळी सहाला. आमची शटरं खाली असतात तेव्हा गिऱ्हाईक उतरतं आणि शटर वर जायच्या आत गावाबाहेर गेलेलं असतं.

मग त्यांच्या गाडीच्या डिकीत चादरी येतात कुठून? हायवेवरून. बायपासच्या अंगाला मोठाली दुकानं झालीत, पुढं वीस गाड्या लागतील एवढी जागा, बाजूला चहा, मागं स्वच्छतागृह. ड्रायव्हरचं कमिशन ठरलेलं. यात गुपित काही नाही आणि मला त्याचा रागही येत नाही. बसमध्ये चाळीस माणसं, त्यांत निम्म्या म्हाताऱ्या बायका. त्यांना गावातल्या आमच्या नव्या पेठेत आणून उभी कुठं करणार? तिथं आम्हालाच स्कूटर लावायला दोन चकरा माराव्या लागतात.

माझं दुखणं गिऱ्हाईक तिकडं गेलं हे नाही, मालाचं काय झालं हे आहे. बस थांबते वीस मिनिटं. वीस मिनिटांत चादर कुणी उलगडून बघत नाही. शिवाय खरी चादर वजनदार, एकीनं पिशवी भरते. यात्रेकरूला तर शेजारणीपासून ऑफिसातल्यांपर्यंत दहा जणांना काहीतरी न्यायचं असतं. म्हणून नॅपकिन, टॉवेल, पातळ बेडशीट, तीनचा सेट, पाचचा सेट. बोर्डावर सगळ्यात मोठी अक्षरं 'सोलापुरी चादर' आणि आत हरियाणातल्या पानिपतच्या कारखान्यांतल्या मालाच्या थप्प्या, असंही सर्रास दिसतं. भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या गावच्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, आपल्या देशात सुरू झालं त्या पहिल्याच काही वर्षांत सोलापुरी चादरीला आणि इथल्या टेरी टॉवेलला ते मिळालं. पण मानांकनाचा कागद फाइलमध्ये असतो, आणि गिऱ्हाईक असतं बसमध्ये.

खरी चादर हातात घेतलीत तर तुमची तुम्हालाच ओळखता येईल. ही वीण दुहेरी. दोन पदर एकाच वेळी मागावर विणले जातात आणि नक्षी जिथं रंग बदलते तिथं एकमेकांत अडकतात. त्यामुळं वरून लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर उलटी केल्यावर पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. एखादं मोठं फूल शोधा, त्याच्या मधोमध कापड दोन्हीकडून चिमटीत धरा आणि चोळा. आतल्या आत दोन पदर एकमेकांवरून सरकलेले बोटांना कळतात. छापील चादरीत हे होणं शक्यच नाही. या नक्षीसाठी जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे, पुठ्ठे लागतात, आधी चौकटीच्या कागदावर चित्र, मग त्यावरून एकेका पुठ्ठ्याला भोकं. नवं डिझाइन काढायचं तर खर्च आहे, वेळ आहे. तो कारखानदारानं कुणासाठी करायचा? बसमधल्या बाईला मागच्या वर्षीचा मोर माहीतच नसतो. म्हणून तोच मोर वर्षानुवर्षं नाचतोय.

बाहेरची गर्दी आम्हाला नवी आहे असं मात्र समजू नका. जानेवारीत संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते, सात नंदीध्वज निघतात, होम मैदान फुलतं. कर्नाटकातून, आंध्र-तेलंगणातून माणसं येतात, माझ्या आजोबांच्या वेळीही येत होती. फरक एवढाच की ती दरवर्षी येत आणि ठरलेल्या दुकानातच येत. कर्नाटकातल्या इंडीकडचे एक शेतकरी होते, आमच्याकडून मुलीच्या लग्नाला चादरी घेऊन गेले. पुढच्या गड्ड्याला त्यांतली एक घडी करून परत घेऊन आले. धुतल्यावर लाल रंग पांढऱ्यात उतरला होता. वडिलांनी ओला रुमाल घासून बघितला, रुमाल गुलाबी झाला. काही न बोलता त्यांनी दुसरी चादर दिली, पाहुण्याला जेवू घातलं आणि दुपारी खराब चादर सायकलच्या कॅरिअरला लावून अशोक चौकाकडं कारखानदाराच्या दारात गेले. कारखानदार तेलुगू बोलणारा; वडिलांचं तेलुगू तोडकंमोडकं, पण भांडणापुरतं चोख होतं. कारखानदारानं रंगाऱ्याला बोलावलं. पुढच्या खेपेचा लाल रंग पक्का आला.

चादर चांगली राहायची ती अशी. तक्रार गिऱ्हाइकाकडून दुकानात, तिथून कारखान्यात, तिथून रंगाच्या हौदापर्यंत पोचायची. आता ठाण्याच्या फ्लॅटमध्ये चादरीचा रंग गेला तर ती बाई काय करणार? "सोलापुरी चादरी पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत" असं मैत्रिणीला सांगणार. ज्या दुकानातून घेतली त्याचं नावही तिला आठवणार नाही, आणि दुकानदाराला ते पक्कं ठाऊक असतं.

सगळं खापर यात्रेकरूंवर फोडणंही बरं नव्हे. आमच्या दुकानाचं मूळ गिऱ्हाईक होतं गिरणी कामगार. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. पगार झाला की ती माणसं बायकापोरांना घेऊन पेठेत यायची. गिरण्या बंद पडल्या आणि त्यांची पोरं पुण्याला गेली. उरलेल्यांच्या घरात मऊ मिंक ब्लँकेट आलं, तेही पानिपतचंच. बऱ्याच यंत्रमागवाल्यांनी चादर सोडून टॉवेल धरला, कारण टॉवेल परदेशी जातो. म्हणजे सोलापूरच्या माणसानं आधी चादर सोडली, बाहेरच्या हाती ती नंतर गेली. हे आम्ही उघडपणे बोलत नाही.

युरोपात याच्या उलट झालंय. व्हेनिसच्या जुन्या शहरात 1951 मध्ये पावणेदोन लाख माणसं राहत होती, आता पन्नास हजारही नाहीत. माणसंच गेली तर किराणा कुणाला विकणार, मग त्या गाळ्यात मुखवटे आणि फ्रीजला लावायची चित्रं. ॲमस्टरडॅमनं 2017 मध्ये शहराच्या जुन्या भागात फक्त पर्यटकांसाठीची नवी दुकानं काढायला बंदीच केली. आमच्या पेठेत तसा कायदा आणून उपयोग शून्य, कारण पर्यटक पेठेत येतोच कुठं? चाटी गल्लीत आजही लग्नाच्या बस्त्याला बार्शी-मोहोळची माणसं येतात, मधल्या मारुतीपाशी सणाच्या आधी चालता येत नाही. पेठ आपल्याच माणसांवर उभी आहे. गेली ती फक्त चादर.

आणि काही गोष्टी या गर्दीनं चांगल्याही केल्या, हे मान्य करायला हवं. कडक भाकरी पूर्वी विकत मिळते असं कुणी सांगितलं असतं तर माझी आजी हसली असती. संक्रांतीला घरोघरी थापून, वाळवून ठेवायची ती वस्तू. आज कितीतरी बायका त्यावर घर चालवतात. शेंगाचटणीचंही तेच, फक्त तिच्या पाकिटात लसूण जरा घाबरत घाबरत पडतो, बाहेरच्यांना झेपावा म्हणून. तेल सुटेस्तोवर कुटलेली चटणी कागदाच्या पुडीत मिळते ती वेगळी, ती खाल्ली की पाकिटातली नको वाटते.

आमचं म्हणाल तर आम्हीही दर्शनी फळीवर नॅपकिन ठेवलेत. वीजबिल भरायचं तर ठेवावेच लागतात. चादरी मागच्या मांडणीत आहेत, मागितल्या तर काढतो. मुलगा म्हणतो हायवेला गाळा घेऊ. घेईलही तो, मी आडवा येणार नाही; एवढंच म्हणालो की तिथल्या बिलावर पत्ता आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत छाप, आणि बदलून मागायला आलेल्याला बदलून दे. त्यावर तो म्हणाला, "बाबा, तिथं परत येतंय कोण?"

तेव्हा तुम्ही याल तर अक्कलकोटहून परतताना या, पण अकरा वाजल्यानंतर. गाडी पार्क चौकात लावा आणि रिक्षानं पेठेत या. चादर पूर्ण उलगडून दाखवायला सांगा, दुकानदारानं तोंड वाकडं केलं तर तिथून उठा. घरी नेल्यावर पहिल्यांदा एकटीच भिजवा, बाकीच्या कपड्यांत टाकू नका. आणि रंग गेला, तर पुढच्या वारीला ती पिशवीत घालून आणा.