काता विसरत नाही, फाटा चुकतो

शनिवारी क्लास सुटला की चपला घालता घालता कोणी ना कोणी पालक विचारतातच, "ताई, एवढे सगळे काता नि पूमसे तुमच्या लक्षात राहतात कसे? आमचा मुलगा घरी सगळं बरोबर करतो आणि बेल्टच्या परीक्षेत मध्येच थांबतो." गेल्या आठवड्यात विचारणारे बाबा स्वतःच व्हाइट बेल्ट बांधून मुलाशेजारी उभे राहतात, त्यामुळे प्रश्न त्यांचाही होता. दारात उभं राहून दोन वाक्यांत सांगितलं पण त्यांचं काही समाधान झालेलं दिसलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय, तुम्ही विचारलंत म्हणून. काता म्हणजे कराटेतली आणि पूमसे म्हणजे तायक्वांदोतली, ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची साखळी.

मी शाळेत असताना शोतोकान शैलीचं कराटे शिकले, ब्राऊन बेल्टपर्यंत. मग बारावी, नोकरी, लग्न, आणि जवळजवळ वीस वर्षं सगळं बंद. मुलीला तायक्वांदोला घातलं तेव्हा तिला सोडायला जायचे, बाकावर बसायचे, तिसऱ्या महिन्यात मीच ड्रेस शिवून घेतला. आज कराटेतले हेयानचे 5 काता, तेक्की शोदान, बास्साई दाई, तायक्वांदोतले तेगुकचे 8 पूमसे आणि वर कोर्यो नि कुमगांग, असे 17 माझ्या रोजच्या सरावात आहेत. हे सगळं पाठ करण्यात मला जे कळलं ते एवढंच की आपण काता विसरत नाही, आपला फाटा चुकतो.

म्हणजे काय ते सांगते. हेयान शोदान कसा सुरू होतो? डावीकडे वळून लो ब्लॉक (खाली येणारा वार हाताने अडवणं), एक पाऊल पुढे टाकून पंच, मग उलटं फिरून उजवीकडे लो ब्लॉक. तेगुक इल जांग, म्हणजे तायक्वांदोतला पहिला पूमसे, कसा सुरू होतो? डावीकडे लो ब्लॉक, पुढे पंच, फिरून लो ब्लॉक. तायक्वांदोच्या दुसऱ्या संघटनेचा, आयटीएफचा, चोनजी नावाचा 19 हालचालींचा पहिला पॅटर्न आहे, तोही तसाच. तिन्हींच्या पहिल्या तीन हालचाली एकच. चौथीला मात्र रस्ता फुटतो: हेयान शोदानमध्ये पुढचा पाय मागे ओढून हात वरून गोल फिरवून हातोडीसारखी मूठ मारायची, इल जांग नि चोनजीमध्ये सरळ पुढे जाऊन पंच. मी इल जांग शिकत होते तेव्हा आठवडाभर चौथ्या हालचालीला माझा उजवा पाय आपोआप मागे यायचा आणि हात डोक्यावरून फिरायचा, वीस वर्षं ज्याला हात लावला नव्हता तो काता अंगात जसाच्या तसा बसलेला होता! तेव्हा मला रडू आलं होतं, खरंच सांगते, दुःखाने नाही.

हे सारखेपण योगायोगाने आलेलं नाही. जपानच्या ओकिनावा बेटावर कराटेशिक्षक आन्को इतोसु यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळेतल्या मुलांसाठी पिनान नावाचे पाच काता बसवले, त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी 1922 मध्ये टोकियोला गेले आणि पुढे ते हेयान या नावाने शिकवू लागले. हेयान लिहायची तीच दोन चिनी अक्षरं कोरियन माणूस प्योंगआन अशी वाचतो आणि तांगसुदो ही कोरियन कला शिकणारे आजही प्योंगआन करतात. तायक्वांदो उभं करणाऱ्या पहिल्या पिढीतले कित्येकजण जपानमध्ये कराटे शिकून आलेले होते, चोनजीपासूनचे पॅटर्न बसवणारे जनरल चोई हाँग-ही हे त्यांतलेच. म्हणजे तुमचा मुलगा दोन फॉर्ममध्ये गोंधळतो त्यात त्याचा ढिसाळपणा नाहीये, मुळात भावंडंच आहेत ती, चेहरा सारखा असणारच.

माझा स्वतःचा सगळ्यात वाईट फाटा हेयान निदान आणि हेयान योनदानचा. दोन्हींत पहिल्याच हालचालीला डावीकडे वळून मागच्या पायावर वजन घ्यायचं आणि दोन्ही हात वर न्यायचे. निदानमध्ये मुठी बंद आणि झटक्यात, योनदानमध्ये पंजे उघडे आणि सावकाश. पुढे निदानमध्ये त्याच बाजूला अजून दोन हालचाली आहेत, योनदानमध्ये लगेच उजवीकडे फिरायचं. ब्राऊन बेल्टच्या परीक्षेत परीक्षकांनी योनदान सांगितला, मी पंजे उघडे ठेवून छान सावकाश वर नेले, आणि मग माहीत नाही काय झालं, मुठी वळल्या आणि मी निदानमध्ये शिरले. चौथ्या हालचालीला कळलं की आपण भलत्याच गावाला निघालोय. परत कुठून सुरू करायचं तेच माहीत नव्हतं कारण आम्हाला काता नेहमी पहिल्यापासूनच करायला लावायचे, पन्नास वेळा, शंभर वेळा, पण पहिल्यापासूनच. परीक्षक म्हणाले "बस खाली", तो बेल्ट मला पुढच्या खेपेला मिळाला.

तर पहिलं हे की मधूनच सुरू करायला शिका. पाढ्यांचं आठवून बघा, लहान मुलाला "सात आठे?" विचारलं की ते सात एके सातपासून मनात म्हणत येतं आणि मग छप्पन्न सांगतं. पाढा येतो, पण सुट्टा आकडा येत नाही. कात्याचंही तसंच. मी मुलांना आता अकराव्या हालचालीच्या पोझमध्ये उभं करते आणि विचारते, पुढे काय? सुरुवातीला पोरं गोंधळतात, हात हवेत हलवून मनात मागून सगळं करून बघतात, पण दोन आठवड्यांत सरळ बाराव्या हालचालीला जातात. मग परीक्षेत अडकले तरी जवळचा कुठला तरी टप्पा पकडता येतो.

दुसरं, दिशा बदला. क्लासमध्ये समोर आरसा, डावीकडे खिडकी, मागे पाण्याचा कूलर असतो, आणि आपल्या नकळत डोकं "खिडकीकडे ब्लॉक, कूलरकडे किक" असंच पाठ करतं. परीक्षा दुसऱ्या हॉलमध्ये असते, तिथे ना खिडकी ना कूलर, झालं! घरी बरोबर करणारा मुलगा अडतो तो बहुतेकदा इथेच. गच्चीवर चारही दिशांना तोंड करून करायला लावा, आणि जमायला लागलं की डोळे मिटून, फक्त कठड्यापासून लांब.

तेगुकच्या बाबतीत हे जास्तच, कारण आठही पूमसेंचा जमिनीवरचा नकाशा जवळपास एकच आहे, तीन आडव्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक उभी. रस्ता बघून ओळखायला जाल तर फसाल. तिथे मी प्रत्येकाची एक खूण धरते, चौथ्यात लागोपाठ दोन साइड किक, सातव्यात वाघाचा स्टान्स, म्हणजे उभं राहायची ढब, नि कात्रीसारखा ब्लॉक, आठव्यात उडी मारून किक.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जवळचं आहे, हालचाल कशासाठी आहे ते विचारा. हेयान शोदानच्या त्या चौथ्या हालचालीचं मला शाळेत कोणी काही सांगितलं नव्हतं, हात असा फिरवायचा म्हणून फिरवायचा. खूप वर्षांनी एका सीनियरने माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, आता कर. मी पाय मागे ओढला, त्याबरोबर हात तिच्या अंगठ्याच्या फटीतून सुटला, तोच हात वरून फिरून मूठ तिच्या मनगटावर आली. त्या दिवसानंतर तो फाटा माझा कधीच चुकला नाही, कारण तिथे आता चौथा नंबर नाही, तिथे कोणीतरी माझं मनगट धरलेलं आहे.

आयटीएफच्या मुलांना तर आकड्यांतच गोष्टी दिल्यात. जुंगगुन पॅटर्नच्या हालचाली 32, कारण कोरियाचा स्वातंत्र्यसैनिक आन जुंगगुन याला 1910 मध्ये फाशी झाली तेव्हा कोरियन पद्धतीने मोजलेलं त्याचं वय 32 होतं. ही गोष्ट कळलेली मुलं हालचाली मोजायला चुकत नाहीत, मी पाहिलंय.

नवीन किती घ्यायचं? माझ्या वयाला दिवसाला तीन-चार हालचाली पुरतात, आणि कालच्या पक्क्या झाल्याशिवाय आजच्या नाही. तोंडाने बोलत करते, "खाली ब्लॉक, पुढे पंच, वळ", जपानी-कोरियन नावं नंतर. सध्या कुमगांगवर आहे, कुमगांग म्हणजे वज्र, त्यात एका पायावर बगळ्यासारखं उभं राहून एक हात डोक्यावर नि दुसरा खाली असा ब्लॉक अगदी हळू घ्यायचा असतो. पूमसे पाठ होऊन वर्ष झालं, पाय अजून थरथरतो. रोज सकाळी दूध तापायला ठेवलं की ओट्यापाशी उजवा गुडघा वर घेऊन उभी राहते, दूध वर येईपर्यंत.